ध्वनिक्षेपकाची परीक्षा : यंत्र आणि कान

१

ध्वनिक्षेपक चांगला की वाईट, हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला आहे. यंत्राने मोजून आलेला आकडा एका बाजूस आणि ऐकणाऱ्याच्या कानाची साक्ष दुसऱ्या बाजूस, असा हा वाद जवळजवळ शंभर वर्षे चालत आला आहे. दिवाणखान्यात बसून संगीत ऐकणाऱ्या रसिकास त्यातून फार तर चुकीच्या खरेदीचा मनस्ताप होतो. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवली यांसारख्या दाट वस्तीच्या नगरांत हाच वाद रस्त्यावर आला, न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याच्या निर्णयावर रुग्णाची झोप व उत्सवाचा आनंद या दोहोंचे भवितव्य अवलंबून राहिले.

प्रस्तुत निबंधात या वादाचा पूर्वेतिहास पाहून त्याच्या प्रकाशात ठाण्याच्या प्रकरणाचा विचार करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, यंत्र आणि कान हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. यंत्राच्या आतही एक कान बसविलेला असतो. तो कोणाचा आणि कोणत्या परिस्थितीतला, याचा विसर पडला म्हणजे आकडा बरोबर असूनही निर्णय चुकतो.

२

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. ध्वनिक्षेपक या देशात रुळण्यापूर्वीच तो संगीताच्या क्षेत्रात उपस्थित झाला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बावीस श्रुतींच्या प्रश्नाचा ध्यास घेतला, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने स्वरांचे मापन करून १९१० साली आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ई. क्लेमंट्स हे सनदी सेवेतील न्यायाधीश. त्यांनी १९१३ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. या मापनाच्या आधारे श्रुतिपेटी तयार करण्यात आली, आणि १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडण्यात आली. तेथे मात्र पेटीचे स्वर आणि गायकांचे स्वर यांचा मेळ बसत नाही, असा आक्षेप निघाला. आणि जाणत्या कानांनी त्या गणिताला मान्यता दिली नाही.

या प्रसंगाकडे पाहताना देवलांची मोजणी अशास्त्रीय होती आणि गवयांचा कान तेवढा खरा होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. स्वर मोजण्याची त्यांची खटपट प्रामाणिक होती. दोष मोजण्यात नव्हता, तर मोजलेल्या स्वरांना सर्वकाळचे प्रमाण मानण्यात होता. पुढे १९६३ साली नझीर जयरझभॉय आणि स्टोन यांनी गायनवादनातील स्वरस्थाने अधिक सूक्ष्म साधनांनी मोजली, तेव्हा एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच मैफलीतही थोडाबहुत हलत असतो, असे त्यांना आढळून आले. म्हणजे गवयांच्या कानाने जो आक्षेप घेतला होता त्याचे एक कारण अधिक चांगल्या मापनानेच उघड केले.

३

आता ध्वनिक्षेपकाकडे वळू. विद्युत्प्रवाहाने हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, अशी आज सर्वत्र रूढ असलेली रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली सिद्ध केली. तिच्यामागोमाग तिची परीक्षाही आली. खर्जापासून अतितार स्वरांपर्यंत प्रत्येक कंपनसंख्येला ध्वनिक्षेपक किती जोराने प्रतिसाद देतो, याची रेषा कागदावर काढता येऊ लागली. रेषा जितकी लांब आणि सपाट, तितका ध्वनिक्षेपक उत्तम, अशी अभियंत्यांची समजूत झाली.

या समजुतीला १९४५ साली धक्का बसला. हॉवर्ड चिन आणि फिलिप आयझेनबर्ग यांनी श्रोत्यांना विविध रुंदीचे ध्वनिपट्टे ऐकवून त्यांची आवडनिवड विचारली, तेव्हा बहुतेकांनी रुंद पट्ट्यापेक्षा मर्यादित पट्ट्यास पसंती दिली. सामान्य माणसाला चांगला ध्वनी समजतच नाही, असे यावरून म्हणणारे निघालेच. परंतु आर. सी. ए. कंपनीच्या हॅरी ऑल्सन यांनी १९४७ साली एक युक्ती केली. त्यांनी ध्वनिक्षेपक बाजूला ठेवला आणि पडद्याआड प्रत्यक्ष वादक बसविले. वादक आणि श्रोते यांच्यामध्ये दर सेकंदास ५,००० कंपनांच्या वरचे स्वर अडविणारी गाळणी होती, आणि ती हवी तेव्हा उघडता येई. या वेळी बहुसंख्य श्रोत्यांनी गाळणी उघडी असतानाचे, म्हणजे पूर्ण पट्ट्याचे संगीतच पसंत केले.

या दोन प्रयोगांची संगती अशी लागते की, त्या काळच्या यंत्रसामग्रीतून येणाऱ्या तार स्वरांबरोबर विकृतीही येत असे. पट्टा आखूड केला की ती विकृती झाकली जाई, म्हणून श्रोत्यांना आखूड पट्टा बरा वाटे. श्रोत्यांचा कान मंद नव्हता. प्रतिसादाच्या रेषेत न दिसणारा दोष त्याने ओळखला होता. यंत्राने जे विचारलेच नव्हते त्याचे उत्तर कान देत होता.

मात्र कानाची साक्षही निर्भेळ नसते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी केलेल्या आणि १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ध्वनिक्षेपक पडद्याआड ठेवले होते. श्रोत्यांना किंमत, नाव वा आकार यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. अशा स्थितीत निकोप कानांच्या श्रोत्यांची मते आश्चर्य वाटावे इतकी जुळली, आणि ज्यांचा प्रतिसाद समोरून तसाच बाजूनेही सुरळीत होता तेच ध्वनिक्षेपक त्यांनी निवडले. पुढे १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तीच परीक्षा पडद्यासह आणि पडद्याविना घेऊन दाखविले की, डोळ्यांनी पाहताच कानाचा निकाल बदलतो. अखेर २००४ साली ऑलिव्ह यांनी ७० ध्वनिक्षेपकांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे भाकीत करणारे सूत्र मांडले. भाकीत आणि पसंती यांतील सहसंबंध ०.८६ इतका होता. शंभर टक्के नव्हे, तथापि भरपूर. हा मेळ साधला तो यंत्राने कानाला हरविले म्हणून नव्हे. आधी कानाची साक्ष नीट घेतली गेली, आणि मग त्या साक्षीशी जुळेल अशा रीतीने काय मोजावयाचे ते ठरले.

४

रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकाची परीक्षा जे यंत्र करते त्याची कुळकथाही याच प्रयोगशाळांत सापडते. कान सर्व कंपनांना सारखा संवेदनशील नसतो. खर्जाचे स्वर त्याला हळू ऐकू येतात. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वायल्डन मन्सन यांनी १९३३ साली अकरा श्रोत्यांच्या कानांना हेडफोन लावून, साधे एकेरी स्वर ऐकवून, कोणता स्वर कितपत मोठा वाटतो याच्या रेषा काढल्या. १९३६ साली अमेरिकेत ध्वनिपातळीमापकाचे प्रमाण ठरले, तेव्हा यंत्राने कानासारखे ऐकावे म्हणून या रेषांचा उपयोग केला गेला. हलक्या आवाजांसाठी, म्हणजे सुमारे ४० डेसिबेलांच्या रेषेवरून, जे भारांकन ठरले ते ‘ए’ होय. अधिक मोठ्या आवाजांसाठी निराळी भारांकने योजिली होती. कालांतराने सोयीसाठी ‘ए’ हेच सर्वत्र रूढ झाले.

भारतात १४ फेब्रुवारी २००० पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा याच ए-डेसिबेलांत, कालसरासरीने, दिलेल्या आहेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५. व्यापारी भागात ६५ व ५५. औद्योगिक भागात ७५ व ७०. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या शांतता क्षेत्रात ५० व ४०. ध्वनिक्षेपक चालू असलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवरील आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० अधिक, अथवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये.

५

या नियमांची अंमलबजावणी होत नाही, ही तक्रार घेऊन ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात २०१० साली जनहित याचिका दाखल केली. तिचा विस्तृत निकाल न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिला. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत अधिकार होऊ शकत नाही, हे सूत्र त्यात स्पष्ट झाले. तक्रार नोंदविण्याची व्यवस्था आणि ध्वनिमापक यंत्रे यांविषयी शासनाला निर्देश मिळाले. येथून पुढे ध्वनिमापक हे प्रयोगशाळेतले उपकरण न राहता पोलिसाच्या हातातले साधन बनले.

या साधनाची उपयुक्तता मान्य करूनही त्यात बसविलेला कान कोणता, हे विचारणे प्राप्त आहे. ठाण्याच्या जुन्या वस्तीत, कल्याणच्या बाजारपेठेत किंवा डोंबिवलीच्या स्थानकाजवळ खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशी घरे पुष्कळ आहेत. अशी जागा व्यापारी म्हणून गणली गेली, तर दिवसाची मर्यादा सीमेवर ७५ होते. पूर्वीचा कर्णा मधल्या आणि तार स्वरांत कर्कशपणे ओरडे. त्या स्वरांना यंत्र पुरेपूर हिशेबात धरते. परंतु अलीकडे मिरवणुकीत ज्याला ‘डीजे’ म्हणतात त्या पेट्यांच्या भिंतीचे सामर्थ्य खर्जात आहे. दर सेकंदास ६३ कंपनांचा स्वर घेतला, तर ए-भारांकन त्यातून सुमारे २६ डेसिबेल वजा करते. म्हणजे त्या स्वराची खरी पातळी १०० असताना यंत्र सुमारे ७४ दाखविते, आणि आकडा मर्यादेच्या आत राहतो. अलीकडच्या सुधारित श्रवणरेषांनुसार मात्र तोच स्वर कानाला ८० डेसिबेलांच्या मध्यम स्वराहूनही मोठा वाटतो. पातळी १० डेसिबेलांनी वाढली की आवाज दुपटीच्या आसपास वाटतो, हे ध्यानी घेतल्यास हा फरक क्षुल्लक नव्हे.

शिवाय भिंती आणि खिडक्या तार स्वरांना जितक्या अडवितात तितक्या खर्जाला अडवीत नाहीत. कंपनसंख्या निम्मी झाली की साध्या भिंतीचा अडथळा सुमारे ६ डेसिबेलांनी घटतो. म्हणून रुग्णशय्येपर्यंत पोहोचतो तो गाण्याचा शब्द नव्हे, सूरही नव्हे, तर नुसता ठोका. त्याने छातीत धडधडते, असे रुग्ण सांगतो. रस्त्यावरचे यंत्र मर्यादा ओलांडल्याचे सांगत नाही. दोघेही खरे बोलत असतात.

विभागणीचा प्रश्नही असाच आहे. डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आणि तिचा निवासी विभाग शेजारी शेजारी आहेत. एकच आवाज रस्त्याच्या एका बाजूस नियमात बसतो आणि दुसऱ्या बाजूस नियमभंग ठरतो; दोन्हीकडचा कान मात्र एकच असतो.

६

यावरून यंत्र टाकून द्यावे आणि तक्रारदाराच्या कानावर निर्णय सोपवावा, असे कोणी म्हणेल तर ते सर्वथा अयोग्य होय. पडदा दूर होताच ध्वनिक्षेपकाविषयीचे मत बदलते, हे आपण पाहिले. मग ज्या आवाजामागे उत्सव, जात, धर्म, पक्ष आणि शेजाऱ्याशी असलेले जुने वैर उभे असते, तेथे कानाचा निकाल किती बदलत असेल! ज्याच्या घरचा गणपती आहे त्याला जो गजर वाटतो तोच पलीकडच्याला गोंगाट वाटतो. उलट, पेट्यांच्या भिंतीजवळ तासन्‌तास उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याचा कान तात्पुरता बधिर होतो आणि तो आवाज आणखी वाढवीत जातो. त्याच्याही अनुभवास प्रमाण मानता येत नाही. सर्वांना सारखा लागू होणारा आकडा हाच दुर्बलाचा आधार असतो. आणि याचिकेतून ध्वनिमापकांची मागणी पुढे आली ती त्यामुळेच.

तेव्हा प्रश्न यंत्र की कान हा नसून, यंत्राला कोणत्या कानाची दीक्षा द्यावयाची हा आहे. त्याचे काही भाग तांत्रिक आहेत आणि सहज साध्य आहेत. खर्जाला जवळजवळ पूर्ण हिशेबात धरणारे ‘सी’ भारांकन बहुतेक चांगल्या ध्वनिमापकांत आधीच असते. ६३ कंपनांच्या स्वरातून ते एक डेसिबेलही वजा करीत नाही. ‘ए’ आणि ‘सी’ हे दोन्ही आकडे एका वेळी नोंदविले, तर त्यांतील अंतरावरूनच खर्जाचे प्राबल्य उघड होईल. मोजणी मंडपाच्या सीमेवर तशीच बंद खिडकीआड, झोपण्याच्या खोलीतही व्हावी. ऐकणाऱ्याची साक्ष केवळ तक्रार म्हणून न नोंदविता वेळ, खोली, झोपमोड, ठोका की शब्द, अशा ठरीव प्रश्नांनी घेतली, तर तीही मोजणीच्या पंक्तीला बसेल.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही नगरे अशा अभ्यासास अनुकूल आहेत. अरुंद गल्ल्या, खाडीकाठचे मोकळे भाग, लोहमार्गालगतच्या इमारती आणि कारखान्यांशेजारची घरे ही सर्व थोड्या अंतरात येथे आढळतात. आणि गणेशोत्सव दरवर्षी प्रयोगाची तिथी आपण होऊन ठरवून देतो. अकरा अमेरिकन श्रोत्यांनी शांत खोलीत, हेडफोन लावून, हलके स्वर ऐकले. त्यांच्या कानाने आज अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा न्याय होतो. त्या अकरांच्या साक्षीत खोट काही नाही. तिच्या जोडीला येथील रहिवाशांची साक्ष तितक्याच काळजीने घेतली जावी, एवढेच मागणे आहे. आणि ते काम विद्यापीठीय विभागांनी हाती घेण्यासारखे आहे.