दुखण्यातून उठताना पूर्वजांची पुस्तके

आजचा विषय तसा घरगुती आहे, पण त्याची वाट इतिहासातून जाते. माणूस मोठ्या दुखण्यातून उठत असतो. ताप गेलेला, अंगात त्राण नाही. घरचे पेज देतात, मऊ भात आणि मेतकूट देतात. बाहेर फिरायला बंदी. मग उशाशी पुस्तक येते. आणि आमचा अनुभव असा, की अशा वेळी हात हमखास 'पूर्वीच्या' पुस्तकांकडे जातो. पणजोबा काय खात, किती चालत, कसे राहत. मनात एकच टोचणी असते : ती माणसे ठणठणीत होती, मग आपल्यालाच हे का झाले?

या प्रश्नाला गोड उत्तर देणारी पुस्तके भरपूर मिळतात. खरे उत्तर देणारी कशी ओळखायची, ते आज बघू. सुरुवात एका रत्नागिरीकरापासूनच करू.

लोकमान्य टिळकांचा जन्म इथला, १८५६ चा. सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या अन्नाने प्रकृती ढासळली, वजन फार उतरले. मॅक्सम्युलर यांनी आपली ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांना पाठवली होती. पुढच्या सप्टेंबरात ते सुटले, ते खंगलेलेच. सिंहगडावर विश्रांतीला गेले. आणि १८९८ च्या अखेरीस त्यांनी एका ग्रंथाचा पहिला खर्डा लिहून काढला. तोच पुढे १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' म्हणून प्रसिद्ध झाला.

म्हणजे बघा, शरीर सावरत असताना हा माणूस पूर्वजांच्याच घराचा शोध घेत होता. उषेच्या सूक्तांत पहाट इतकी लांबलेली का? तैत्तिरीय संहितेत तीस उषा का येतात? काही सत्रे दहाच महिन्यांत का संपतात? त्यांचे उत्तर असे, की आपले पूर्वज उत्तर ध्रुवाजवळ राहत असावेत, जिथे रात्र महिनोन्‌महिने टिकते, आणि हिमयुगाने ते सुखाचे घर मोडले. ध्रुवप्रदेश हेच मानवजातीचे मूळस्थान असे बोस्टनचे वॉरन यांनी १८८५ मध्येच मांडले होते. त्यांचा आधार टिळकांनी घेतला.

आज अभ्यासक हा सिद्धान्त मान्य करत नाहीत. हिमयुगाचे ज्या कालगणनेवर टिळक विसंबले, तीही मागे पडली. पण आम्हाला आज वेगळेच सांगायचे आहे. ते सुखाचे घर दहा हजार वर्षे मागे होते. इकडे पुण्यात काय चालले होते? प्लेग. त्याच सुमारास टिळकांचे थोरले चिरंजीव विश्वनाथ प्लेगने गेले. ज्या पिढीला आपण आज 'पूर्वीची निरोगी माणसे' म्हणतो, ती ही पिढी बरं का.

तेव्हा फार लांब जायला नको. आपले पूर्वज दापोलीत आणि देवरुखात सापडतात, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

पहिले पुस्तक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त', १९१५ चे. कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. सतरा-अठरा वर्षांचे असताना सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून अधिक मैल, सह्याद्री चढून. तिथे पोचल्यावर 'वय कमी दिसते' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! आल्या पावली परत. आणि हा माणूस १०४ वर्षे जगला. अंथरुणावरचा वाचक लगेच म्हणणार, बघा, जुने खाणे, जुने चालणे!

थांबा. त्याच घरातले दुसरे माणूस बघा. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई. त्याच कोकणातल्या, तेच अन्न, तेच पाणी. त्या १८९१ मध्ये ऐन तारुण्यात गेल्या, तेव्हा कर्वे तेहतीस वर्षांचे होते. एका घरात एक शंभरी ओलांडतो आणि एक तिशीही नीट बघत नाही. जो जगला त्याचे दीर्घायुष्य आपण जुन्या राहणीच्या खात्यावर मांडतो. जी गेली तिचे मरण मात्र कुणाच्याच खात्यावर नसते. पूर्वजांबद्दलच्या गोड पुस्तकांत नेमकी हीच चूक असते.

दुसरे पुस्तक आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण', १९४४ चे. या देवरुखच्या जोश्यांच्या गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. पुढे भावाने मुंबईला नेले, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकायला बसल्या, आणि १८९३ मध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्यावर मुरूड गावाने कर्व्यांच्या घराला वाळीत टाकले. आजारपणात आपण म्हणतो, पूर्वी गावे कशी एकमेकांना धरून असत. होय, धरून असत. पण त्याच एकोप्याची दुसरी बाजू म्हणजे हा बहिष्कार. एका घराला बाहेर काढायलाही गाव एक होत असे. आणि याच आनंदीबाईंनी पुढे सुइणीचे शिक्षण घेतले. जुनी राहणी अंगावर काढलेल्या बाईला नवी विद्या हवीशी वाटली, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

याचा अर्थ जुने सगळे टाकाऊ, असा मुळीच नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, आमसुलाचे सार हे चांगलेच आहे, आणि दुखण्यातून उठणाऱ्याच्या तोंडाला चव आणते. पायी चालणेही चांगलेच. पण ती माणसे अनेकदा नाचणी खात ती भात पुरत नसे म्हणून, आणि चालत ती गाडी नसे म्हणून. आपण ते निवडतो, त्यांना निवड नव्हती.

म्हणून आमचे पथ्य दोनच गोष्टींचे. एक, जो ते आयुष्य जगला त्याच्या हातचे पुस्तक घ्या. दोन, ते अर्धे वाचू नका. आंब्या-फणसाची पाने वाचून तापाची आणि बाळंतपणाची पाने उलटू नका. रोज चार-पाच पाने पुरेत, थकलेल्या डोळ्यांना तेवढीच झेपतात. पुस्तके शोधायलाही लांब जायला नको, आपल्या रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे.

अशी पुस्तके आजाऱ्याला घाबरवतात का? आमचे मत उलट आहे. 'पूर्वज निरोगी होते' असे वाचले की आजार हा आपलाच गुन्हा वाटू लागतो. तेही तापाने फणफणले, त्यांचीही माणसे गेली आणि तरी ती उठून कामाला लागली, हे वाचले की तो अपराधीपणा उतरतो.

जाता जाता एकच. घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल, तर बरे होत असताना त्यांच्याजवळ जाऊन बसा. ते काय खात हे विचाराच. पण त्यानंतर हेही विचारा, की तुमच्या आईला मुले किती झाली, आणि त्यांतली जगली किती?