गाण्यामागचं नाव



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर एका आजीनं जात्यावरची ओवी म्हटली. गटातल्या एका सुनेनं ती मोबाईलवर टिपली. आठ दिवसांत ती चिखलदऱ्यातल्या कितीतरी फोनवर पोचली. आजीला ऐकवली, तर ती म्हणाली, "आवाज माहाच हाय. पण माहं नाव कुठी हाय यात?"

या प्रश्नावरून आज तुम्हाला तबकड्यांचा इतिहास सांगते.

आजचे गायक पहिला अल्बम काढतात आणि त्यातलं एखादं गाणं आधी बाजारात सोडतात. चावीच्या फोनोच्या काळात अल्बम नव्हता. तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं मावायचं, तेही साधारण तीन मिनिटांचं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं असं टिपलं गेलं. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. कारण तबकड्या तयार व्हायच्या दूर जर्मनीत. तिथल्या कारागिराला आवाज कोणाचा ते कळावं आणि लेबलावर बरोबर नाव यावं, म्हणून ही युक्ती.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला ना. घ. देशपांडे नावाचे कवी होते. पेशानं वकील. त्यांनी 'शीळ' नावाची कविता लिहिली. रानात शीळ ऐकू येते आणि एक बाई आपल्या मनातलं बोलते, अशी ती कविता. विदर्भातलेच जी. एन. जोशी यांनी तिला चाल लावून ती गायली आणि 1930 नंतरच्या त्या दिवसांत तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताची पहिली गाजलेली तबकडी म्हणून आजही तिचंच नाव घेतात. जोशीही वकिली शिकलेले. पुढे ते ग्रामोफोन कंपनीत अधिकारी झाले आणि मोठमोठ्या गायकांच्या तबकड्या त्यांनी काढल्या.

गंमत बघा, 'शीळ' याच नावाचा ना. घं.चा कवितासंग्रह छापला गेला 1954 साली. म्हणजे पुस्तकाआधी वीसेक वर्षं गाणं घरोघरी पोचलं होतं. 1986 साली त्यांच्या 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाण्यामुळे कवीचं नाव टिकलं आणि नाव लिहिलेलं होतं म्हणून मेहकरही लोकांच्या लक्षात राहिलं.

पण मला एक गोष्ट खटकते. त्या गाण्यात बोलते बाई, लिहिणारा पुरुष आणि गाणाराही पुरुष. त्याच वेळी गावोगावी बाया पहाटे जात्यावर स्वतःच्या ओव्या गात होत्या. सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, सगळं त्यात होतं. त्यांच्यापुढे यंत्र कोणी ठेवलं नाही. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्याही गेल्या.

सगळ्याच गेल्या नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मोठी गोष्ट ही, की ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं.

मैत्रिणींनो, आपल्या गटात दहा रुपयांचीही नोंद नावासकट होते. मग गाण्याची का नको? आमच्या रजिस्टरात आम्ही शेवटची पानं त्यासाठी ठेवली आहेत: कोणी गायलं, गाव कोणतं, कोणाकडून शिकली. पहिली नोंद त्या आजीची. कोरकू बायांची लग्नातली गाणीही त्यांच्याच भाषेत लिहायची ठरलं आहे.

तुम्हीही मोबाईलवर गाणं टिपाल, तेव्हा आधी गाणारीला विचारा. ती हो म्हणाली, तर गौहर जानसारखं तिला तिचं नाव सांगू द्या.