अनामत की येणे? : अमेरिकेतील ऑनलाइन पोकर आणि पैशाची वाट

जुगाराला आळा घालावयाचा तर खेळणाऱ्यास धरावे, अड्डा मोडावा, की पैशाची वाट अडवावी, हा राज्यकर्त्यांपुढील जुना प्रश्न होय. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्याचा मुख्य रोख अड्ड्यावर होता. ऑनलाइन पोकरला असा अड्डाच नसतो. १ जानेवारी १९९८ रोजी ‘प्लॅनेट पोकर’ने खऱ्या पैशाचा डाव आंतरजालावर मांडला, तेव्हापासून खेळाडू आपल्या घरी आणि मेज परदेशी, अशी स्थिती झाली. या दोहोंना जोडणारा एकच दुवा कायद्याच्या हाती लागण्याजोगा होता, तो बँकेचा. म्हणूनच अमेरिकेतील ऑनलाइन पोकरचा इतिहास हा खेळाचा कमी आणि जमाखर्चाचा अधिक आहे.

आरंभी खेळाडू क्रेडिट कार्डाने पैसे भरीत. कार्ड कंपन्यांनी जुगाराच्या व्यवहारांस ७९९५ हा संकेतांक दिला होता व त्यावरून असा व्यवहार ओळखून नाकारता येई. २००२ साली सिटीबँकेने न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांशी करार करून असे व्यवहार थांबविण्याचे मान्य केले. त्याच सुमारास ‘ईबे’ने विकत घेतलेल्या ‘पेपाल’नेही या धंद्यातून अंग काढून घेतले. मोकळी झालेली जागा ‘नेटेलर’सारख्या पैशाच्या ऑनलाइन बटव्यांनी भरून काढली. खेळाडूने बँकेतून बटव्यात, बटव्यातून मेजावर पैसे न्यावेत व जिंकल्यावर त्याच वाटेने परत आणावेत, अशी ती सोय होती. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने ऑनलाइन पात्रता फेरीतून जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळवून पंचवीस लक्ष डॉलर जिंकले, आणि या वाटेवर एकच गर्दी लोटली.

१३ ऑक्टोबर २००६ रोजी अध्यक्ष बुश यांनी ज्या विधेयकावर सही केली ते मुळात बंदरांच्या सुरक्षिततेचे होते; ऑनलाइन जुगाराच्या देयकांवरील निर्बंध त्यास शेवटी जोडलेले होते. या कायद्याने खेळाडूस गुन्हेगार ठरविले नाही. बेकायदा ऑनलाइन जुगारासाठी जाणूनबुजून पैसे स्वीकारणे व्यावसायिकास निषिद्ध केले आणि असे व्यवहार ओळखून अडविण्याचा भार बँकांवर टाकला. परंतु ‘बेकायदा’ म्हणजे काय, याचा निर्णय इतर केंद्रीय व राज्य कायद्यांवर सोपविला. व्याख्या अशी दुसऱ्याच्या दारी ठेवून शिक्षा मात्र आपल्या घरी ठेवण्याची ही रीत भाषेच्या अभ्यासकासही विचारात पाडणारी आहे. (भारताच्या ऑगस्ट २०२५ मधील कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर सरळ बंदी घातली व त्यासोबत बँकांनाही असे व्यवहार करण्यास मनाई केली.)

‘पार्टीगेमिंग’ने अमेरिकेतून तत्काळ माघार घेतली. जानेवारी २००७ मध्ये नेटेलरच्या दोघा संस्थापकांना अटक झाली आणि अमेरिकी ग्राहकांचे सुमारे ९ कोटी ४० लक्ष डॉलर अडकून पडले. ते जुलैअखेरीपासून परत मिळू लागले. ‘पोकरस्टार्स’ व ‘फुल टिल्ट’ मात्र, पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याने त्यास हा कायदा लागू नाही, असे म्हणून टिकून राहिले.

आता पैसे भरण्याची मुख्य रीत इलेक्ट्रॉनिक धनादेशाची झाली. खेळाडू आपल्या खात्याचा क्रमांक देई आणि मध्यस्थ ती रक्कम बँकेकडून मागून घेई. मात्र मागणी पोकरच्या नावे नसे. सरकारी आरोपपत्रानुसार फुले किंवा पाळीव प्राण्यांचे सामान विकणाऱ्या बनावट दुकानांच्या नावे ती केली जात असे. युटा राज्यातील ‘सनफर्स्ट’ या छोट्या बँकेने एक कोटी डॉलरच्या भांडवलाच्या मोबदल्यात असे व्यवहार स्वीकारल्याचाही आरोप होता. पैसे काढणाऱ्यास टपालाने धनादेश येई. जून २००९ मध्ये सरकारने मध्यस्थांची खाती गोठविली, तेव्हा सुमारे २७,००० खेळाडूंचे ३ कोटी ४० लक्ष डॉलर अडकले. कंपन्यांनी ती रक्कम पुन्हा खेळाडूंच्या नावे जमा केली. विश्वास वाढला, आणि तोच पुढे महाग पडला.

मध्यस्थ मिळेनासे झाले तेव्हा फुल टिल्टला खेळाडूंच्या बँकांतून पैसे उचलता येईनात. तरीही ती रक्कम त्यांच्या खात्यावर दाखविली जातच राहिली. सुमारे १३ कोटी डॉलर असे केवळ आकड्यांत होते, आणि त्यांवर डाव खेळले जात होते. न आलेला पैसा हरणाऱ्याकडून जिंकणाऱ्याकडे जाई व जिंकणारा खरा पैसा मागे. १५ एप्रिल २०११ रोजी, ज्यास खेळाडू ‘काळा शुक्रवार’ म्हणतात, सरकारने तीन मोठ्या कंपन्यांची संकेतस्थळे जप्त केली. फुल टिल्ट जगभरच्या खेळाडूंना ३९ कोटी डॉलर देणे लागत होती, तर मार्चअखेर तिच्या बँकखात्यांत होते ६ कोटी. २००७ पासून संचालक व मालकांना सुमारे ४४ कोटी वाटले गेल्याचे सरकारचे म्हणणे होते.

‘अनामत’ हा मराठीत रुळलेला अरबी शब्द येथे सारा प्रश्न उघड करतो. अनामत ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याचीच राहते. सांभाळणाऱ्याने ती खर्चावयाची नसते. खेळाडू आपला पैसा अनामत समजत होते, प्रत्यक्षात ते कंपनीचे धनको होते. ‘पैसे भरले’ हे एकच क्रियापद दोन्ही अर्थांना चालते, आणि हा फरक पैसे काढावयास जाईपर्यंत कोणाच्या ध्यानी येत नाही.

पोकरस्टार्सने आपल्या अमेरिकी खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले, कारण ते वेगळे राखलेले होते. जुलै २०१२ मधील तडजोडीनुसार तिने सरकारला ५४ कोटी ७० लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले व फुल टिल्टच्या परदेशी खेळाडूंचे १८ कोटी ४० लक्ष फेडण्याची हमी घेतली. उरला अमेरिकी खेळाडूंचा प्रश्न. त्यांना भरलेल्या रकमेतून काढलेली रक्कम वजा करून बाकी द्यावयाची, की खात्यावरील शिल्लक? पहिल्या रीतीने वर्षानुवर्षे जिंकणाऱ्यास काहीच मिळाले नसते. खेळाडूंनी नेट लावून धरला आणि शिल्लकच ग्राह्य धरली गेली. फेब्रुवारी २०१४ अखेर सुमारे २७,५०० जणांना ७ कोटी ६० लक्ष डॉलरचा पहिला हप्ता मिळाला. ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’च्या खेळाडूंना मात्र त्यासाठी २०१७ उजाडावे लागले.