मोटारीची खिडकी आणि शीतयंत्र

वैशाखांतल्या दुपारीं परभणीहून जिंतुराकडे अथवा गंगाखेडाकडे मोटारीनें निघालेल्या मंडळींत एक वाद हटकून होतो. खिडक्या उघड्या ठेवाव्या, कीं कांचा चढवून शीतयंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेला एसी, सुरू करावा? एसीनें पेट्रोल जळतें, असें वडील मंडळींचें म्हणणें. उघड्या खिडकीनें वारा अडतो व गाडी जड जाते, म्हणून बंद मोटारच काटकसरीची, असें तरुणांचें. वाद घरगुती खरा, परंतु मोटारीचा इतिहास पाहिल्यावांचून त्याचा निवाडा व्हावयाचा नाहीं.

आरंभीं हा प्रश्न उद्भवण्याचें कारणच नव्हतें. १९०८ सालीं निघालेली फोर्डची मॉडेल टी बहुधा कापडी टपाची व उघड्या अंगाची असे. वारा आणि धूळ हीं दोन्हीं प्रवाशांच्या वांट्याला फुकट येत. १९२२ मध्यें एसेक्स कंपनीनें बंद मोटार स्वस्तांत विकावयास काढली, आणि तें दशक संपण्यापूर्वींच अमेरिकेंत बंद मोटारींनीं उघड्यांना मागें टाकलें. पाऊस बाहेर राहिला, पण ऊन आंत कोंडलें गेलें. पुढें १९३४ त क्रायस्लरच्या ‘एअरफ्लो’ मोटारीचा आकार वार्‍याच्या बोगद्यांत पारखून ठरविण्यांत आला, तेव्हां वारा हा केवळ प्रवाशाचा सखा नसून इंजिनाचा वैरीहि आहे, हें कारखानदारांना पटूं लागलें. ती मोटार बाजारांत मात्र चालली नाहीं. लोकांना ती कुरूप वाटली.

१९४० च्या नमुन्यांत पॅकार्ड कंपनीनें खरें शीतयंत्र मोटारींत बसवून दिलें. किंमत २७४ डॉलर. डिकीची अर्धी जागा तें खाई, आणि गंमत अशी, कीं तें बंद करण्याची सोयच नव्हती: इंजिन थांबवावें, बॉनेट उघडावें आणि पट्टा हातानें उतरवून ठेवावा! दोन वर्षांतच हा प्रयोग आटोपला. १९५४ सालीं नॅश कंपनीनें तेंच यंत्र सुटसुटीत करून मोटारीच्या पुढच्या भागांत बसविलें. ही नॅश म्हणजे केल्व्हिनेटर शीतकपाटें करणारीच संस्था. स्वयंपाकघरांतलें ज्ञान मोटारींत उतरलें, एवढेंच.

पॅकार्डच्या त्या पट्ट्यांतच आपल्या वादाचें मर्म आहे. शीतयंत्राचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच बळावर फिरतो. गाडी रांगेंत खोळंबलेली असो कीं धांवत असो, तो तासाचा आपला वांटा घेतोच. म्हणून मोटार जितकी संथ, तितका दर किलोमीटरला त्याचा खर्च अधिक. वार्‍याची रीत याच्या उलट. वेग ताशीं ४० चा ८० झाला, कीं वार्‍याचा अडथळा दुपटीनें नव्हे, चौपटीनें वाढतो, आणि उघड्या खिडकीनें त्यांत पडणारी भरहि त्याच हिशेबानें वाढते. म्हणजे संथ मोटारीस खिडकी स्वस्त, आणि अतिवेगवान मोटारीस कदाचित् शीतयंत्र. अमेरिकेंतील ओक रिज प्रयोगशाळेचे २०१३ त प्रसिद्ध झालेले प्रयोग टोयोटा कोरोला व फोर्ड एक्सप्लोरर या दोन गाड्यांवर झाले. नेहमीच्या वेगांत दोहोंतहि उघड्या खिडकीचाच खर्च कमी आला.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ज्या निजामी राज्यांत होतें, त्या राज्याच्या रेल्वे खात्यानें १९३२ सालीं २७ बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. तेव्हांपासून सडका पुष्कळ सुधारल्या. परंतु बैलगाडी, ट्रॅक्टर, आठवड्याचा बाजार आणि गांवोगांवचे गतिरोधक यांतून वाट काढणार्‍या मोटारीचा वेग तो किती असणार? नुसता पेट्रोलचा पैसा मोजावयाचा, तर वडील मंडळींचा पक्ष बळकट आहे. १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुती ८०० नें तें सर्वांच्या प्रत्ययास आणून दिलें. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें, शक्ति चाळीस घोड्यांच्या आंतली. त्यांतले तीन-चार घोडे एसीनें सोडून नेले, कीं चढावर बाकीच्यांना धाप लागे. घाट आला कीं एसी बंद करावयाचा, असें चालकांच्या हाताला वळणच पडलें.

तथापि या हिशेबांत एका रकमेची नोंद राहून जाते. माणसाची कातडी सुमारें ३५ अंशांची; परभणीचा पारा वैशाखांत ४३-४४ ला पोंचतो. अशा वेळीं खिडकींतून आंत येते ती भट्टीची धग. घाम वाळतो तोंवर थोडा थंडावा वाटतो, पण अंगांतलें पाणी भराभर उडून जातें. आणि म्हातार्‍या माणसांना तर पुरेसा घामहि येत नाहीं. ४० अंशांवर विजेचा पंखादेखील वापरूं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, तें याच कारणानें. वृद्ध आई मागच्या आसनावर बसलेली असतां भर दुपारीं लोटाभर पेट्रोल वांचविण्यांत कसलें शहाणपण, हें मला उमगत नाहीं. सकाळीं दहाच्या आंत आणि दिवेलागणीनंतर खिडक्या खुशाल उघडाव्या.

घरच्या मोटारीपुरता हा प्रश्न असा सुटतो. पण रस्त्यावर सर्वांत अधिक वेळ तापतो तो मालमोटारीचा चालक. त्याचा विचार सरकारनें उशिरा कां होईना केला. २०२३ च्या डिसेंबरांतील अधिसूचनेप्रमाणें, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणार्‍या साडेतीन टनांवरील मालमोटारींत चालकाच्या केबिनला वातानुकूलन बसविणें बंधनकारक झालें. डिझेल कांहीं अधिक जळेल, हें उघड आहे. नियम मात्र नव्या वाहनांना आहे. मोंढ्यांतून कापूस व सोयाबीन भरून निघणार्‍या जुन्या गाड्यांचा चालक अद्याप ओला पंचा मानेवर टाकून, खिडकींत कोपर टेकून, इंजिनाच्या शेजारींच बसलेला दिसतो.