चांगीच्या तुरुंगातील गोधड्या

स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी लेख मागितला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत; लिहिण्याचा सराव म्हणजे वाण्याची यादी. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने मोबाइलवर काही जुन्या गोधड्यांची चित्रे दाखविली व त्यांची हकीकत वाचून दाखविली. त्या वेळी आमच्या ट्रंकेत एक गोधडी चार वर्षे अर्धवट पडलेली होती. सासूबाईंनी घातलेली, त्या गेल्या आणि माझा हात तिला लागेना. त्यामुळे ती हकीकत माझ्या मनात फार शिरली. भगिनींनी गोड मानून घ्यावी.

दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. तेथील इंग्रज व इतर युरोपीय कुटुंबे कैदेत पडली. ८ मार्च रोजी बायका-मुलांना कित्येक मैल पायी चालवीत चांगीच्या तुरुंगात नेण्यात आले. तुरुंग बांधलेला सुमारे ६०० कैद्यांसाठी, आणि आत कोंबली दोन हजारांहून अधिक माणसे. कोणाचा नवरा त्याच तुरुंगात भिंतीपलीकडे, कोणाचा सैनिकांच्या छावणीत. भेटीगाठी बंद. आपला माणूस जिवंत आहे की नाही, हेही कित्येकींना ठाऊक नव्हते.

कालपर्यंत या बायकांच्या घरी स्वयंपाकी, आया, माळी. आज ना घर, ना चूल. आपल्याला वाटते काम फार पडले म्हणजे बाई थकते. पण रिकामे हात आणि काळजीने भरलेले डोके याने बाई जितकी खचते तितकी कामाने खचत नाही. हे माझे मत, अनुभवाचे आहे.

त्यांच्यात एथेल मुल्व्हेनी नावाच्या एक कॅनडाच्या बाई होत्या. रेडक्रॉसचे काम त्या पाहत. इस्पितळातील जखमी सैनिकांसाठी गोधड्या कराव्यात, असे त्यांनी सुचविले. छावणीतल्या लहान मुलींनी आपल्या गाइडच्या बाईंच्या, श्रीमती एनिस यांच्या, वाढदिवसासाठी चिंध्यांचे षटकोनी तुकडे जोडून गुपचूप एक गोधडी शिवावयास घेतली होती. त्यावरून हे सुचले असे म्हणतात. मुलींनी त्या तुकड्यांत आपापली नावे भरली होती.

मोठ्या बायकांपैकी जिला हवे तिला पांढऱ्या सुती कापडाचा सहा इंचांचा एकेक चौकोन मिळाला. त्यावर आपल्याविषयी काहीतरी भरावयाचे आणि खाली नाव घालावयाचे, एवढीच अट. कोणी फुले भरली, कोणी आपल्या देशाचे चिन्ह; कोणी कोठडीचे चित्र भरून तुरुंगाची थट्टाही केली. एका गोधडीत ६६ चौकोन, अशा तीन गोधड्या झाल्या: एक इंग्रज जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी आणि एक जपानी जखमींसाठी.

जपान्यांना कशाला, असे आपल्यापैकी कोणी विचारील. मीही मुलीला तेच विचारले. मला वाटते, ती एक गोधडी नसती तर बाकीच्या दोन तुरुंगाच्या दाराबाहेर पडत्या ना. आणि त्या बाहेर पडणे फार जरूर होते. गोधडी इस्पितळात गेली म्हणजे तिच्यावरची नावे पुरुषांच्या दृष्टीस पडणार. अमकीचे नाव दिसले म्हणजे ती हयात आहे. पत्राला बंदी होती, टाक्याला नव्हती.

त्या जपानी गोधडीच्या मागल्या बाजूला, जखमींच्या दुःखाबद्दल सहानुभूतीपूर्वक भेट, असा मजकूर भरला आहे. वर्ष जपानी गणनेचे, २६०२. आणि त्याखाली सूचना अशी की ही गोधडी ड्राय क्लीन करणे बरे! स्वतः तुरुंगात, अंगावरचे कपडे विरत चाललेले, आणि काळजी गोधडी कशी धुतली जाईल याची. मुलगी हसली, मला हसू आले नाही. आपण नाही का सांगत, बाई, पहिल्या धुण्याला गरम पाणी घालू नकोस म्हणून?

या बायकांची कैद १९४५ पर्यंत चालली; मे १९४४ मध्ये त्यांना दुसऱ्या छावणीत हलविले. गोधड्या मात्र पहिल्या काही महिन्यांतच झाल्या होत्या. ऑस्ट्रेलियन व जपानी गोधडी आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहेत, इंग्रजांची ब्रिटिश रेडक्रॉसकडे, आणि मुलींची लंडनच्या संग्रहालयात.

मला त्यात सर्वांत मोठे वाटले ते सहा इंचांचे माप. अख्खी गोधडी कोणी एकीच्या गळ्यात घातली नाही. ट्रंकेतली गोधडी उघडली की मला सगळाच पसारा दिसे आणि झाकण लावून टाकावे असे वाटे. त्या रात्री मी फक्त एक वीतभर जागा धरली व धावदोरा घातला. टाके वाकडे आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वीत. सासूबाईंचे टाके बारीक, माझे मोठे. जोड कोठे आहे ते स्वच्छ दिसते. उसवून सारखे करावे का, असे जाऊबाईंनी विचारले. मी नको म्हटले. आता एक बाजू पुरी होत आली आहे, आणि त्यांच्या जांभळ्या लुगड्याचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. तो मधोमध घ्यावा की काठाला, एवढेच ठरावयाचे राहिले आहे.