स्टेम सेल: आधी आजाराचा आरसा, मग औषध

"डॉक्टर, पार्किन्सनवर स्टेम सेलचं इंजेक्शन निघालंय ना?" रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न वारंवार विचारतात. काही जण त्यासाठी दागिने मोडायला, गावाकडची जमीन विकायलाही तयार असतात. पैसे भरण्याआधी हे संशोधन कुठून सुरू झाले आणि कुठवर आले, ते समजून घ्या.

अडचण काय होती?

अंबडच्या कारखान्यात मशीन बिघडले, तर फिटर ते उघडून बघतो. मेंदूचे तसे करता येत नाही. पार्किन्सन, अल्झायमर, अटॅक्सिया या आजारांत मेंदूतील ठरावीक पेशी वर्षानुवर्षे झिजत जातात. जिवंत माणसाच्या मेंदूतून त्या सहसा काढता येत नाहीत. मृत्यूनंतर तपासल्या, तर बिघाडाचा शेवट दिसतो, सुरुवात नाही.

मुंबईतील नऊ कुटुंबे

1971 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्यात तोल जाण्याचा आजार पिढ्यान्‌पिढ्या येत होता. शिवाय रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे फार सावकाश वळत असे. ही खूण बारकाईने तपासून सापडली होती. कारण मात्र अज्ञात होते.

1996 मध्ये एससीए-2 या अटॅक्सियाचा जनुक सापडला. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिला गेलेला असतो. 1998 मध्ये डॉ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांत हाच दोष दाखवला आणि त्या सावकाश नजरेचे निदानातले महत्त्व मांडले. चूक कुठे आहे, हे कळले. पण तिच्यामुळे पेशी का मरते, हे बघणार कसे?

त्वचेपासून मेंदूची पेशी

उत्तर जपानमधून आले. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेजवळच्या पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा 'कोरी पाटी' बनवले. 2007 मध्ये माणसाच्या पेशींवरही ते जमले. या झाल्या आयपीएस पेशी. त्यांपासून शरीरातील जवळपास कोणतीही पेशी घडवता येते. 2012 चे नोबेल यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाले.

2008 मध्येच अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एएलएस झालेल्या 82 वर्षांच्या महिलेच्या त्वचेपासून चेतापेशी तयार केल्या. मेंदूला हात न लावता रुग्णाचाच आजार काचेच्या ताटलीत पाहायची सोय झाली. 2018 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतील शास्त्रज्ञांनी एससीए-12 या अटॅक्सियाच्या तीन रुग्णांच्या पेशींपासून आयपीएस पेशी तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. हा प्रकार आपल्याकडे विशेषतः अगरवाल समाजात आढळतो.

मग औषध कधी?

ताटलीतील पेशींवर आजार कसा सुरू होतो ते पाहता येते, शेकडो औषधे तपासता येतात. पण त्या पेशी 'तरुण' असतात आणि आजार उतारवयाचा. पूर्ण मेंदूतील गुंतागुंतही ताटलीत नसते. म्हणून ताटलीत चालले ते माणसात चालेलच, असे नाही.

क्योटोच्या गटाने 2025 मध्ये सात पार्किन्सन रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. पेशी शस्त्रक्रियेने थेट मेंदूत सोडल्या होत्या, शिरेतून नव्हे. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत आणि काहींच्या लक्षणांत सुधारणा दिसली. ही आशादायक सुरुवात आहे. मात्र एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार सिद्ध होत नाही.

आपण काय करावे?

आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच वापरायच्या आहेत. कोणी असा उपचार सुचवला, तर दोन प्रश्न विचारा: सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणीच आहे, तर रुग्णाकडून पैसे कशाचे?

समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका. तोवर चालू गोळ्या स्वतःहून थांबवू नका आणि फिजिओथेरपी नियमित ठेवा. घरात दोन-तीन पिढ्यांत तोल जाण्याचा आजार असेल, तर न्यूरोलॉजिस्टला ती वंशावळ जरूर सांगा. डॉ. वाडियांचा शोधही अशाच कुटुंबांच्या माहितीतून सुरू झाला होता.