नजराणा: दरबारातला आणि दवाखान्यातला

उर्दूत भेट म्हणजे ‘नज़्र’, ती ‘ज़ाल’ने लिहितात. दृष्टी म्हणजे ‘नज़र’, ती ‘ज़ोय’ने. मराठीत दोन्हींची ‘नजर’ झाली. हे शिकवताना मी मुलांना निजामाच्या दरबाराची गोष्ट सांगतो. १९४८ पर्यंत आपले नांदेड-लातूर हैदराबाद संस्थानातच होते. दरबारात गेलेला माणूस अशरफी पुढे धरून नजर पेश करायचा. कोण देतो, कोण घेतो, सगळ्यांना दिसायचे.

परवा अम्मीला घेऊन लातूरच्या एका दवाखान्यात बसलो होतो. घड्याळ, कॅलेंडर, पेन, सगळ्यांवर एकाच औषधाचे नाव. चिठ्ठीवरही तेच उतरले. योगायोग असेलही, पण खात्री करून घेणार कुठे?

डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार आणि रोख रक्कम घेण्यास मनाई केली. २०१६ मध्ये शिक्षाही ठरल्या: हजार ते पाच हजारांच्या भेटीला ताकीद, लाखाच्या वर गेल्यास वर्षाहून अधिक काळ नोंदणी रद्द. पण हा नियम घेणाऱ्यासाठी होता, देणाऱ्यासाठी नाही. कंपन्यांसाठी २०१५ मध्ये आचारसंहिता आली, तीही ऐच्छिक.

मग एका कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च आयकरातून वजा मागितला. त्यात सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप होते. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत चढतो, हेही न्यायालयाने बजावले. म्हणजे नजराणा कंपनीचा, अशरफी मात्र रुग्णाच्या खिशातली.

मार्च २०२४ ची नवी संहिता अधिक कडक आहे, तरी तिला कायद्याचे बळ नाही. कोणत्या डॉक्टरला काय मिळाले, हे रुग्णाला नावानिशी पाहण्याची सोयही नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९३ मध्येच अशा नोंदीचा कायदा केला. २०१० मध्ये तो देशभर झाला आणि २०१४ पासून कोणीही संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव टाकून पाहू शकतो. महाराष्ट्रात २०१७ मध्ये डॉक्टरांच्या ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध मसुदा तयार झाला, पण त्याचा कायदा झाला नाही.

अशी नोंद डॉक्टरांचा अपमान नाही. काहीच न घेणारे डॉक्टर आपल्याकडेही आहेत, आणि आज त्यांनाही संशयाच्या त्याच रांगेत उभे राहावे लागते. निजामाची नजर निदान भरदरबारात पेश व्हायची. दवाखान्यातली नजरही रुग्णाच्या नजरेस पडू द्या, एवढेच मागणे आहे.